रोज ३० हजार स्टेप्स: आधी वेळ, मग पाय, आणि आकडा सगळ्यात शेवटी

आमच्या सोसायटीत ही लाट वर्षातून दोनदा येते, एकदा जानेवारीत आणि एकदा गणपतीचे मोदक जिरायचे असतात तेव्हा. कुणीतरी ग्रुपवर २८ हजाराचा स्क्रीनशॉट टाकतं, लगेच पाच-सहा जण रविवारी पहाटे कोरे करकरीत बूट घालून बाहेर पडतात, रात्रीपर्यंत रेटून रेटून ३० हजार करतात, सोमवारी जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी, आणि गुरुवारपर्यंत विषय बंद. मी पण यातलीच. पहिल्यांदा ४० हजार करायला गेले तेव्हा दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडून गळाली आणि पुढचे दीड महिने मी चपलेशिवाय काही घालू शकत नव्हते. आणि मला वाटलं होतं की दम कमी पडेल! दमाचं काही झालं नाही, चालायला दम फारसा लागतच नाही.

एवढं चालणं अडतं ते दोन गोष्टींवर, दिवसातले तास आणि तळपायाची कातडी. लोक आकडा आधी ठरवतात, बूट नंतर बघतात आणि वेळेचा विचार करतच नाहीत. खाली जो क्रम दिलाय तो उलटा आहे, म्हणून कृपा करून सरळ पाचव्या टप्प्यावर उडी मारू नका.

आणि हे आधीच सांगते, तब्येतीसाठी ३० हजार लागत नाहीत. सात-आठ हजारात बराच फायदा पदरात पडतो. ३० हजार हा हौसेचा मामला आहे, किंवा वारी, परिक्रमा, मोठा ट्रेक असं काही डोक्यात असेल तर त्याची तयारी.

टप्पा १: वहीपेन घेऊन बसा

तुमची सेंटिमीटरमधली उंची गुणिले ०.४१, हे साधारण तुमच्या एका पावलाचं अंतर. पाच फूट चार इंच म्हणजे १६३ सेंटिमीटर, म्हणजे पाऊल आलं ६७ सेंटिमीटरचं, म्हणजे एका किलोमीटरला जवळपास १,५०० पावलं. ३० हजार म्हणजे २० किलोमीटर. पाच फूट नऊ इंचाच्या माणसाला किलोमीटरला १,४०० च्या आसपास पडतात, म्हणजे तेवढ्याच आकड्यासाठी त्याला दीड किलोमीटर जास्त चालावं लागतं. बुटक्यांना फायदा मिळणारी जगातली ही एकमेव स्पर्धा असावी.

आता वेळ. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा चालीत मिनिटाला १०० ते ११५ पावलं पडतात. ११० धरा. तासाला ६,६००. म्हणजे ३० हजाराला साडेचार तास. परत वाचा, साडेचार तास. घरकाम, ऑफिस, भाजी यातून ५-६ हजार आपोआप होतात ते वजा केले तरी मुद्दाम चालायचे तीन तास चाळीस मिनिटं उरतात.

इथेच बऱ्याच जणांचा विषय संपायला हवा आणि त्यात काही वाईट नाही. ज्यांना रोज दोन तासच मिळू शकतात त्यांनी १८ हजाराचं ध्येय ठेवावं. झोपेचे दोन तास कापून ३० हजार करणारे मी बघितलेत, तीन आठवड्यांच्या वर कुणी टिकलेलं नाही.

> तपासा: येत्या आठवड्यात काहीही न बदलता सात दिवसांचा आकडा लिहून ठेवा आणि सरासरी काढा. सगळ्यात चांगल्या दिवसाचा आकडा धरायचा नाही, सरासरी धरायची. पुढचं सगळं तिच्यावरून ठरणार आहे.

टप्पा २: घड्याळ खरं बोलतंय का बघा

सरळ रस्त्यावर स्वतः मोजत २०० पावलं चाला, आधी आणि नंतरचा आकडा बघा. १९५ ते २०५ च्या मधे आलं तर ठीक. मग हेच परत करा, पण या वेळी घड्याळाच्या हातात भाजीची पिशवी धरून, आणि मग एकदा ट्रॉली किंवा बाबागाडी ढकलत. हात हलला नाही की मनगटावरचं घड्याळ बरेचदा पावलं खातं. माझी एक मैत्रीण बाळाला गाडीत घालून रोज तासभर चालायची आणि घड्याळ म्हणायचं १,८००, ती रडकुंडीला आली होती बिचारी. अशा वेळी फोन पँटच्या खिशात ठेवून त्याचा आकडा धरा. पर्समधला फोन दोन्हीकडून बेभरवशाचा.

उलटंही होतं. कणीक मळताना, टाळ्या वाजवताना, खड्ड्यातून टू-व्हीलर नेताना घड्याळ फुकटची पावलं वाढवून देतं. माझ्याकडे एका पोळ्यांच्या कार्यक्रमात सहा-सातशे मिळतात, मी ते सोडून देते, पण तुमचा रोजचा ऑफिसचा रस्ता खराब असेल तर गाडी चालवण्याआधी आणि नंतर एकदा आकडा बघून ठेवाच.

अजून एक, बऱ्याच घड्याळांना सलग आठ-दहा पावलं पडल्याशिवाय तुम्ही चालताय हे पटतच नाही. त्यामुळे किचन ते हॉल, हॉल ते किचन यातलं अर्धं जमाच होत नाही. आणि फोन आणि घड्याळ दोन्ही एकाच अ‍ॅपला जोडलेले असतील तर दुहेरी मोजणी होते का तेही बघून घ्या, नाहीतर तुम्ही खुश आणि पाय बुचकळ्यात.

टप्पा ३: आधी डॉक्टर, हे कुणासाठी

डायबेटीस असेल तर विचारल्याशिवाय वाढवू नका, कारण दोन. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर फोड आलेला कळतच नाही आणि तो चिघळतो, आणि औषध किंवा इन्सुलिन चालू असताना तीन तास चाललं तर साखर खाली येऊ शकते. चालताना छातीत जड वाटणं, एका ठरावीक अंतरानंतर पोटरी आवळून येणं आणि थांबलं की बरं वाटणं, गुडघ्याला आधीपासून सूज, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन, या सगळ्यांनी पण विचारून घ्या. वजन बरंच जास्त असेल तर मनाई नाही पण पुढच्या पाचव्या टप्प्यातली वाढ निम्म्या वेगाने करा.

टप्पा ४: पाय तयार करा

हा टप्पा सगळ्यात मोठा लिहितेय कारण सगळ्यात जास्त चुका इथेच.

बूट संध्याकाळी विकत घ्यायला जा, दिवसभर पायावर राहून पाय फुगलेले असतात आणि लांब चालताना पण ते तसेच फुगतात. सकाळी मापात बसलेला बूट १५ व्या किलोमीटरला चावतो. ज्या मोज्यात चालणार तेच मोजे घालून बूट घालून बघा. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी (आणि सगळ्यात लांब बोट अंगठाच असतं असं नाही, माझं दुसरं बोट लांब आहे आणि ते मला नख गेल्यावर कळलं). बहुतेकांना नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठा लागतो. टाच मात्र आत हलता कामा नये. चवड्यापाशी बूट सहज वाकला पाहिजे, मधोमध घडी पडत असेल तर ठेवून द्या. किमतीला घाबरून फुटपाथवरचे घेऊ नका आणि जाहिरातीला भुलून दहा हजाराचे पण घेऊ नका, पळायचे साधे बूट चालायला उत्तम चालतात.

आता कुणी सांगत नाही ते. असा बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो. रोज २० किलोमीटर म्हणजे आठवड्याला १४०. म्हणजे एक जोड महिना-दीड महिन्यात संपला! वरून नवाच दिसतो, पण आतला फोम बसलेला असतो, आणि मग एक दिवस अचानक नडगी नाहीतर टाच दुखायला लागते आणि आपण म्हणतो वय झालं. म्हणून दोन जोड घ्या आणि आलटून पालटून वापरा, फोमला परत फुगायला एक दिवस मिळतो आणि घामाने ओला झालेला बूट वाळतो पण. खरेदीची तारीख बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवा.

मोजे सुती नकोत. हे ऐकून सगळ्यांना धक्का बसतो कारण आपण लहानपणापासून सुती चांगलं असं ऐकलेलं. सुती मोजा घाम पिऊन बसतो, ओली कातडी मऊ पडते, मऊ कातडी घासली की फोड. खेळाच्या दुकानात सिंथेटिक किंवा लोकर मिसळलेले पातळ मोजे मिळतात ते घ्या, आणि लांबच्या दिवशी एक जादा जोड खिशात ठेवा. १२-१५ किलोमीटरला बसून मोजे बदलायचे. पाच मिनिटांचं काम आहे पण पाय नवे होतात, खोटं वाटेल तर करून बघा.

नखं सरळ कापायची, कोपरे आत खोल गोल करायचे नाहीत, आणि मोठ्या दिवसाच्या तीन-चार दिवस आधी कापायची, आदल्या रात्री नाही.

बोटांच्या बेचक्यात, टाचेच्या मागे, मांड्या घासतात तिथे आणि बायकांनी ब्राच्या पट्टीखाली पेट्रोलियम जेली लावायची, आधीच, घासल्यावर नाही. मांड्यांना सालपट निघालं की माणूस तीन दिवस बदकासारखं चालतो. कुडत्याच्या आत सायकलिंग शॉर्ट्स घातल्या की प्रश्नच मिटतो.

आणि घरातल्या घरात अनवाणी फरशीवर हजारो पावलं टाकू नका. पावसाळ्यात आणि रात्री हॉलमधे फेऱ्या मारून आकडा भरणारे खूप आहेत, आणि टाचदुखी घेऊन बसणारे पण तेच. घरात मऊ सोलची चप्पल वेगळी ठेवा, किंवा जुने बूट धुऊन घरातले करा.

> सावधान: नवे बूट घालून पहिल्या दिवशी ५ हजारच्या वर जाऊ नका. किमान आठवडाभर छोट्या चालीत वापरल्यावरच लांब न्या.

> तपासा: चालताना एखाद्या जागी गरम लागतंय, चुरचुरतंय असं वाटलं की तेव्हाच थांबा, मोजा काढा, जागा पुसून कोरडी करा आणि मेडिकलमधली कागदी चिकटपट्टी सुरकुती न पाडता लावा. "अजून एक किलोमीटर मग बघू" यात फोड येतो. आलाच तर वरची कातडी सोलून काढू नका, तीच त्याचं ड्रेसिंग आहे.

टप्पा ५: दिवसात तास शोधा, मग आठवडे मोजा

३० हजार एका दमात करायचे नसतात. माझा साधा कामाचा दिवस असा असतो: सव्वापाच ते सव्वासात, दोन तास, १३ हजार. ऑफिसला जाता-येता एक बस स्टॉप आधी उतरून मिळून ३ हजार. दुपारी डबा खाल्ल्यावर वीस मिनिटं, २ हजार. फोन आला की उभं राहून गच्चीत नाहीतर पॅसेजमधे, कधी हजार तर कधी ३ हजार (सासूबाईंचा फोन असेल तर ४, त्या मला फिटनेस कोच म्हणून पुरतात). संध्याकाळी भाजी-किराणा पायी, ४ हजार. जेवणानंतर अर्धा तास, ३ हजार. उरलेले घरकामात. शतपावली म्हणजे शंभर पावलं, आपल्या आजीने एवढंच मागितलं होतं, आपण तीस पट करतोय.

यात एकच नियम मी कधी मोडत नाही: सकाळी दहाच्या आत ४० टक्के. ज्यांचं सगळं संध्याकाळवर असतं त्यांचं एक मीटिंग लांबली, पाहुणे आले, पाऊस आला की संपलं, आणि मग रात्री अकराला हॉलमधे भुतासारख्या फेऱ्या.

तासांची सोय झाली की आता आठवडे. समजा तुमची सरासरी ७ हजार आलीय. रोजची सरासरी अशी वाढवा, हजारात लिहितेय: पहिला आठवडा ९, दुसरा ११, तिसरा १३, आणि चौथ्यात खाली १०. मग १४, १६, १८, आणि परत खाली १४. मग २०, २२, २४, खाली १८. मग २६, २८, ३०. पंधरा आठवडे झाले. म्हणजे जूनमधे सुरू केलंत तर दसऱ्याच्या आसपास.

तो मधला खालचा आठवडा लोक हटकून गाळतात, कारण अंगात जोर असतो आणि वाटतं कशाला कमी करू. स्नायू आणि दम काही आठवड्यांत तयार होतात, हाडं आणि पायाच्या शिरा (ज्याला डॉक्टर लिगामेंट-टेंडन म्हणतात त्या) त्यांना महिने लागतात. तुम्हाला जोर वाटतो तो स्नायूंचा. मोडतं ते दुसरंच काहीतरी. म्हणून खालचा आठवडा औषधासारखा घ्या.

पन्नाशीच्या पुढे असाल किंवा वर्षानुवर्षं बैठं काम असेल तर दर आठवड्याला दोनऐवजी एकच हजार वाढवा. वेळ दुप्पट लागेल, लागू दे.

आणि रोज ३० म्हणजे रोज ३०च असं नको. आठवड्याचे २ लाख १० हजार धरा. पाच दिवस ३३, एक दिवस २५ आणि एक दिवस २०, बेरीज तीच येते आणि पायाला दोन हलके दिवस मिळतात. अ‍ॅपवरची ती सलग दिवसांची साखळी तुटते म्हणून ताप असताना चालणारे लोक मी बघितलेत. साखळी तोडा एकदा मुद्दामच, भीती जाते.

> तपासा: सकाळी उठल्यावर अंथरुणातच मिनिटभर नाडी मोजा. नेहमीपेक्षा आठ-दहाने जास्त येत असेल आणि झोपही नीट झाली नसेल तर त्या दिवशी निम्मंच चाला.

टप्पा ६: रस्ता आणि चाल

घरापासून लांब लांब जाण्यापेक्षा दोन-तीन किलोमीटरचा गोल रस्ता निवडा, ज्यावर घर परत परत येतं. पाणी, मोजे, बाथरूम, सगळी सोय होते. बायकांसाठी बाथरूम हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे आणि त्यामुळे बऱ्याच जणी पाणीच पीत नाहीत, जे त्याहून वाईट. मुंबईत असाल तर शिवाजी पार्कच्या कट्ट्याची फेरी सव्वा किलोमीटरच्या जरा आत बसते, मरीन ड्राइव्ह एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेतीन किलोमीटरच्या पुढे आहे, मोजायला सोपं. पुण्यात टेकडी चांगली, माती मऊ, पण सगळे ३० हजार टेकडीवर नकोत, चढ-उतारात पोटरी आणि गुडघे दोन्ही पिळून निघतात. माझं एक तृतीयांश टेकडी आणि बाकी सपाट.

मैदानावर गोल फिरत असाल तर दर अर्ध्या तासाने दिशा उलटी करा. सगळं पब्लिक एकाच दिशेने फिरतं आणि एकाच बाजूचा खुबा धरतो. रस्ता पण मधे उंच आणि कडेला उतरता असतो, सतत एकाच कडेने चाललं की एक पाय कायम खाली.

फुटपाथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला. पहाटे अंधारात काळे कपडे नकोत. इअरफोन एकाच कानात.

चालीबद्दल फार काही नाही. वेग वाढवायचा असेल तर पाऊल लांब टाकू नका, पटपट टाका. लांब टाकलेलं पाऊल टाच आपटतं आणि नडगी दुखते, वर आकडा पण कमी पडतो! खांदे सैल, नजर वीसेक फूट पुढे, हात कोपरात वाकवून. तासाभराने बोटं सुजून अंगठी घट्ट वाटायला लागते, हात सारखे खाली लोंबकळत असल्यामुळे ते होतं, मधे मधे हात वर करून मुठी उघडझाप करा आणि अंगठी घरी ठेवून जा.

टप्पा ७: खाणं, पाणी, ऊन, पाऊस

तासाभराच्या चालीला काही खायची गरज नाही, एक केळं पुष्कळ. दोन तासांच्या वर गेलात की दर पाऊण-एक तासाने दोन घास: राजगिऱ्याची वडी, चिक्की, गूळ-शेंगदाणे, खजूर. वडापाव, मिसळ परत आल्यावर. (टेकडी उतरल्यावर पोह्यांच्या गाडीवर थांबायचं की नाही हा प्रश्न मी तुमच्यावर सोडते, मी थांबते.) चालायला लागल्यावर भूक भयंकर वाढते आणि वजन कमी होण्याऐवजी वाढतं सुद्धा, तेव्हा जेवणात डाळ, उसळ, दही, अंडं वाढवा, फरसाण नाही.

पाणी घोट घोट, तहान लागेल तसं. उन्हात दोन तासांच्या वर घाम गाळलात तर नुसतं पाणी ढोसत राहू नका, मीठ पण जातं आणि नुसत्या पाण्याने रक्तातलं सोडियम खाली येऊन गरगरतं. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला, अर्ध्या ग्लासात घट्ट करून पिऊ नका. पाकीट नसेल तर एक लिटरमधे सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर मीठ डॉक्टरांना विचारून. घरी आल्यावर ताक किंवा कोकम सरबत छान लागतं.

> तपासा: लघवीचा रंग. फिकट पिवळा ठीक, गडद म्हणजे कमी पडलं, सतत पाण्यासारखी म्हणजे जरा जास्तच पिताय.

मार्च ते मे सकाळी साडेआठच्या आत आटोपा, विदर्भ-मराठवाड्यात असाल तर त्याच्याही आधी. घाम यायचा बंद झाला, डोकं ठणकतंय, थंडी वाजल्यासारखं होतंय तर आकडा गेला खड्ड्यात, सावलीत बसा, अंगावर पाणी घ्या आणि कुणाला तरी फोन करा. पावसाळ्यात ओल्या बुटात तास-दोन तास चाललं की तळपाय पांढरे सुरकुतलेले होतात आणि अशा कातडीला फोड पटकन येतात. घरी आल्या आल्या पाय कोरडे, बुटाचं इनसोल बाहेर काढून आत वर्तमानपत्राचे बोळे, दोन तासांनी बोळे बदलायचे. मुसळधार दिवशी मी पार्किंगमधे चालते, वॉचमन हसतो, हसू दे.

टप्पा ८: एखादा ४५ हजाराचा दिवस

रोजचे २४-२५ हजार महिनाभर विनातक्रार होत असतील तरच. त्याच्या आदल्या दोन दिवशी १२-१५ हजारच, नंतरच्या दिवशी पण तेवढेच.

यात वारकऱ्यांकडून शिकण्यासारखं खूप आहे. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आणि पुणे-सासवडचा दिवे घाटातला दिवस तर तीस किलोमीटरच्या घरात, म्हणजे तुमच्या-माझ्या हिशोबात ४५ हजार. साठी-सत्तरीतल्या मावश्या डोक्यावर तुळस घेऊन चपलेत करतात हे. कसं? पालखीचे विसावे ठरलेले असतात. दमलं म्हणून थांबत नाहीत, विसावा आला म्हणून थांबतात. आपण नेमकं उलटं करतो, अंगात जोर आहे तोवर रेटतो आणि मग कोसळून बसतो. मी मोठ्या दिवशी दर ८ हजाराला दहा मिनिटं थांबते, दमले असो वा नसो, बूट काढते, पाय वर. बसायचं मात्र दहाच मिनिटं, अर्धा तास बसलात की सांधे आखडतात आणि उठताना आई आठवते.

वेळ अशी धरा: ११० च्या चालीने ४५ हजाराला सात तास, विसावे धरून आठ. पहाटे पाचला निघून ३० हजार, दुपारी जेवण आणि झोप, चार वाजता परत बाहेर. शेवटचे १० हजार उजेड असताना संपले पाहिजेत, कारण दमलेला पाय उचलला जात नाही आणि अंधारात उचकटलेल्या पेव्हर ब्लॉकला ठेच लागते. सोबतीला कुणीतरी घ्या, निदान शेवटच्या तासाला.

संध्याकाळी कोमट पाण्यात पाय, पुसून तळपायाला तेल, आणि भिंतीला पाय वर लावून दहा मिनिटं पडून राहा.

टप्पा ९: कुठलं दुखणं सोडून द्यायचं, कुठलं नाही

दोन्ही पोटऱ्या, मांड्या सारख्याच जड, हात लावला की दुखतात आणि चालायला लागल्यावर मोकळ्या होतात, हे चालायचंच, दोन दिवसांत जातं.

सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाचेत सुई टोचल्यासारखं होतंय आणि दहा-वीस पावलांनी कमी होतंय, ही तळपायाच्या पट्ट्याची सूज असू शकते. चालणं निम्मं करा, अनवाणी बंद, अंथरुणातून उठण्याआधी पायाची बोटं स्वतःकडे ओढून पोटरी ताणा, बूट किती जुना झाला बघा. दोन आठवड्यांत फरक नाही तर डॉक्टर.

नडगीच्या आतल्या कडेने लांबट पट्टा दुखतोय, बहुतेक घाईने वाढवलंत. एक आठवडा मागे जा.

> थांबा, ताबडतोब: बोट ठेवून दाखवता येईल अशी हाडावरची एकच जागा दुखतेय, चालल्यावर वाढतेय, रात्री पडल्यावर पण ठणकतेय. हे हाडाला बारीक चीर पडल्याचं लक्षण असू शकतं, आणि सुरुवातीच्या एक्स-रेत ती बरेचदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे चांगला आला म्हणून परत चालायला लागू नका. एकाच पोटरीत सूज, गरमपणा आणि दुखणं असेल तर चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. छातीत दडपण, धाप, चक्कर, हे वेगळं सांगायला नको.

आणि पेनकिलर घेऊन चालायला जायचं नाही. दुखणं म्हणजे पायाचा फोन आहे, तुम्ही तो सायलेंटवर टाकताय.

टप्पा १०: रात्री साडेअकराला ८०० कमी पडले तर

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. आकडा बाराला शून्य होतो, २९,२०० वर थांबलाय, पॅसेजमधे दहा मिनिटं फिरलं की होतंय. मी पण करायचे, एकदा तर लग्नाच्या हॉलमधे शालू नेसून बाथरूमच्या बाहेर फेऱ्या मारल्या होत्या आणि नणंदेला वाटलं माझं पोट बिघडलंय.

आता करत नाही. उद्या सव्वापाचला उठायचं असतं. घड्याळ चार्जिंगला लावायचं, बूट दाराशी जिभा उलट्या करून वाळत ठेवायचे, मोजे त्यात, आणि लाइट बंद.